डबा टीएचसीचा, ट्रक दारूच्या होलसेलरचा

मिनेसोटातल्या एखाद्या दारूच्या दुकानात फ्रिज उघडला की बिअरच्या शेजारीच बारीक, रंगीत डबे मांडलेले दिसतात. त्यांत दारूचा थेंबही नसतो. असतं ते पाच किंवा दहा मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे गांजाची नशा ज्या रसायनामुळे चढते ते. काउंटरजवळ त्याच टीएचसीच्या जेलीसारख्या गोळ्या असतात, तिकडे त्यांना गमी म्हणतात. वय एकवीसच्या वर असल्याचं ओळखपत्र दाखवायचं, पैसे द्यायचे आणि पिशवी घेऊन निघायचं. या राज्यात असे पदार्थ विकायला १ जुलै २०२२ पासून परवानगी आहे.

हा डबा फ्रिजपर्यंत कोणाच्या ट्रकमधून आला? त्या ट्रकवाल्याला परवाना कोणी दिला? आणि माल खराब निघाला तर तो दुकानादुकानांतून परत कोण गोळा करणार? अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या विधिमंडळांत गेली काही वर्षं यावर जोरदार भांडणं चालू आहेत. कारखानदार आणि दुकानदार यांच्याबद्दल सगळेच बोलतात. मधल्या घाऊक विक्रेत्याकडे मात्र फारसं कोणी बघत नाही, आणि माझ्या मते नियंत्रण खरोखर जमतं की नाही हे तिथेच ठरतं. दारूच्या होलसेलरला हा माल हाताळू द्यावा, या मताचा मी आहे. पण दारूच्या धंद्यात त्याला जे लाडाचे हक्क मिळालेत, ते या मालासोबत देऊ नयेत.

मुळात हा माल बाजारात आला कसा, ते आधी बघू.

२० डिसेंबर २०१८ रोजी अमेरिकेत नवा शेतीविषयक कायदा झाला. गांजाच्याच जातीची, पण नशा फारशी नसलेली वनस्पती, जिला हेम्प म्हणतात, ती शेतकऱ्यांना लावता यावी हा त्यातल्या एका कलमाचा हेतू होता. धागा, बी, तेल यांसाठी. व्याख्या अशी केली की कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त डेल्टा-९ टीएचसी, म्हणजे टीएचसीचा नेहमीचा प्रकार, नसेल तर ते हेम्प, आणि हेम्प अमली पदार्थांच्या यादीतून बाहेर. शेतात उभ्या असलेल्या झाडासाठी ही मर्यादा ठीक होती. पण व्याख्येत त्या झाडाचे अर्क आणि त्यापासून काढलेली रसायनंही आली होती, आणि तिथेच वाट फुटली.

हिशेब अगदी सोपा आहे. चार ग्रॅम वजनाच्या एका गमीचे ०.३ टक्के म्हणजे १२ मिलिग्रॅम. मिनेसोटाने एका मात्रेला घातलेली मर्यादा ५ मिलिग्रॅमची आहे, त्यावरून १२ म्हणजे किती हे लक्षात येईल. आणि ३५५ मिलिलिटरच्या डब्यातल्या पेयाच्या पूर्ण वजनाला ०.३ टक्के लावले, तर आकडा हजार मिलिग्रॅमच्या पुढे जातो. एवढं कोणी घालत नाही, पण झाडासाठी आखलेली टक्केवारी खाण्यापिण्याच्या पदार्थाला काहीच आवर घालत नाही हे यातून दिसतं. काहींनी तर हेम्पमधलं नशा न करणारं सीबीडी घेऊन प्रयोगशाळेत त्याचं डेल्टा-८ नावाचं दुसरं नशिलं रसायन बनवलं. ते पेट्रोल पंपावरच्या दुकानांत मिळू लागलं, तेही वयाची अट नसलेल्या राज्यांत. ही वाट काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, जाणूनबुजून ठेवली की नकळत राहिली, यावर अजून वाद होतो. माल मात्र देशभर पसरला, आणि निस्तरायचं काम राज्यांवर आलं.

राज्यांनी इकडेतिकडे पाहिलं तेव्हा एक तयार यंत्रणा समोर होती, ती दारूची.

अमेरिकेत दारूबंदी येण्याआधी बहुतेक गुत्ते बिअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मुठीत असायचे. कंपनी गुत्तेवाल्याला टेबलं-खुर्च्या द्यायची, परवान्याची फी भरायची, कर्जही द्यायची. बदल्यात त्याने फक्त तिचीच बिअर विकायची आणि जमेल तेवढी जास्त खपवायची. गिऱ्हाईक किती पितंय, घरी पगार पोचतोय का, हे बघण्यात कोणाचाच फायदा नव्हता. १९२० मध्ये बंदी आली आणि तीही फसली. ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन बंदी उठली, तेव्हा दारूचं काय करायचं ते ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे आला. बहुतेक राज्यांनी कारखाना आणि दुकान यांच्यामध्ये एक भिंत घातली. बनवणारा वेगळा, घाऊक विकणारा वेगळा, किरकोळ विकणारा वेगळा. कारखानदाराने दुकानाचं मालक व्हायचं नाही, दुकानाला उधारी-भेटी देऊन बांधून ठेवायचं नाही, आणि माल मधल्या माणसाच्या गोदामातूनच जायचा. सतरा राज्यांत तर निदान काही प्रकारच्या दारूपुरतं सरकार स्वतःच हे मधलं काम करतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे अनोळखी वाटू नये. आपल्याकडेही राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एफएल-१ परवाना घाऊक विक्रेत्याचा, एफएल-२ वाइन शॉपचा आणि एफएल-३ परमिट रूमचा. कोपऱ्यावरच्या वाइन शॉपमध्ये बाटली येते ती या साखळीतून. सरकारला लाखो गिऱ्हाइकांवर किंवा हजारो दुकानांवर रोज नजर ठेवता येत नाही, पण मोजक्या गोदामांवर ठेवता येते. माल तिथे मोजता येतो, कर तिथेच वसूल करता येतो, आणि काही बिनसलं तर पुरवठा तिथूनच थांबवता येतो.

मग टीएचसीचा माल याच साखळीत घातला की काम संपलं? नाही. आणि इथे जरा थांबायला हवं, कारण हा माल दारूसारखा दिसत असला तरी गोदामात दारूसारखा वागत नाही.

व्हिस्कीची बाटली दोन वर्षं फळीवर राहिली तरी तिच्यातला अल्कोहोल तेवढाच राहतो. टीएचसीचं तसं नाही. ते तेलात विरघळतं, पाण्यात नाही. पेयात घालण्यासाठी त्याचे अतिसूक्ष्म थेंब करून पाण्यात पसरवावे लागतात. हे मिश्रण नीट जमलं नसेल तर काही आठवड्यांत थेंब वेगळे होऊ लागतात, आणि मग पहिल्या घोटात काहीच नाही, तळाशी सगळी मात्रा, असं होऊ शकतं. दुसरी अडचण डब्याची. ॲल्युमिनियमच्या डब्याला आतून प्लास्टिकसारखा पातळ थर दिलेला असतो, आणि टीएचसी हळूहळू त्या थराला चिकटतं. कारखान्यातून निघताना प्रयोगशाळेने १० मिलिग्रॅम मोजलेलं असतं. गोदामात काही महिने काढल्यावर पेयात त्यापेक्षा बरंच कमी उरलेलं असू शकतं. गिऱ्हाइकाला वाटतं डबा ‘हलका’ आहे, म्हणून तो पुढच्या वेळी दोन घेतो. ते दोन ताज्या लॉटमधले निघाले तर?

गमीची तऱ्हा आणखी वेगळी. उन्हाळ्यात बंद ट्रकमध्ये गोळ्या वितळून एकमेकींना चिकटतात आणि पाकिटात एकच गोळा होतो. पाकिटावर ‘प्रत्येक गोळीत ५ मिलिग्रॅम’ असं छापलेलं असतं, पण आता गोळी म्हणजे नेमकं किती हे खाणाऱ्याने कसं ओळखायचं? बिअर उन्हात राहिली तर तिची चव बिघडते, इथे मात्रेचा हिशेबच बिघडतो.

शिवाय खाल्लेलं टीएचसी चढायला अर्ध्या तासापासून दोन तासही लागू शकतात. काहीच होत नाही असं वाटून माणूस दुसरी गोळी घेतो, आणि मग दोन्ही एकदम अंगावर येतात. नीट बनवलेली पेयं त्यामानाने लवकर चढतात, म्हणून बिअर पिणाऱ्याला त्यांचा अंदाज बरा येतो. माझ्या मते पेयं दारूच्या दुकानात जितकी बसतात तितक्या गोळ्या बसत नाहीत. कायदे करणाऱ्यांनी दोन्हींना एकच नियम लावताना हा फरक पुरेसा विचारात घेतलेला नाही.

म्हणून टीएचसीच्या घाऊक परवान्यात दारूच्या परवान्याहून जास्त काही मागायला हवं. माल उतरवून घेताना प्रत्येक लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल हातात हवा, आणि अहवालावरचा लॉट नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळायला हवा. न जुळणारा माल वेगळ्या, कुलूपबंद जागेत. गोदामाचं आणि ट्रकचं तापमान नोंदवलेलं. ठरावीक काळाने गोदामातलाच डबा उचलून पुन्हा तपासणी. कोणता लॉट कोणत्या दुकानात किती गेला याची नोंद अशी की परत बोलवायची वेळ आली तर त्याच दिवशी सगळ्या दुकानांना फोन जातील. दारूच्या होलसेलरकडे ट्रक आहेत, गोदामं आहेत, वसुलीची शिस्त आहे, परवाना नसलेल्याला माल न देण्याची सवय आहे. प्रयोगशाळेचा अहवाल वाचणारा माणूस मात्र त्याच्याकडे नव्हता, तो त्याला नेमावा लागणार.

मिनेसोटाचा अनुभव इथे फार उपयोगी आहे. २०२२ च्या कायद्याने एका मात्रेत ५ आणि एका पाकिटात ५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, लहान मुलांना भुरळ पाडतील अशा प्राण्या-फळांच्या आकारांना मनाई केली. पण परवानाच ठेवला नाही. कोणीही बनवावं, कोणीही विकावं. देखरेख औषधनिर्माण मंडळाकडे, ज्याच्यापाशी या कामासाठी माणसंच नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये या मंडळाला मूरहेड शहरातल्या एका विक्रेत्यावर दावा लावावा लागला. त्याच्याकडच्या अस्वलाच्या आकाराच्या गोळ्यांत कायद्याने ठरवलेल्या मात्रेच्या कितीतरी पट टीएचसी असल्याचा आरोप होता. मर्यादा कागदावर होतीच. पण माल कारखान्यातून थेट फळीवर जात होता आणि मध्ये थांबवून बघणारं कोणी नव्हतं.

पुढे ३० मे २०२३ रोजी गव्हर्नर टिम वॉल्झ यांनी सही केलेल्या कायद्याने गांजाच कायदेशीर केला, त्यासाठी स्वतंत्र कार्यालय उभं केलं, आणि दारूच्या दुकानांना कमी मात्रेचा हेम्पचा माल विकायला स्पष्ट परवानगी दिली. तिथे कित्येक गावांत दारूचं दुकान नगरपालिकेच्याच मालकीचं असतं. तिथल्या फ्रिजमध्येही हे डबे आले. वाहतुकीचं काम बिअरच्या वितरकांनी आपणहून उचललं, कारण त्याच दुकानांत त्यांचे ट्रक रोज जातच होते. घाऊक विक्रीसाठी वेगळा परवाना मात्र २०२५ च्या अधिवेशनात आला. म्हणजे माल आधी, दुकान मग, आणि मधली पायरी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा हवा होता.

टेनेसीने दुसरी टोकाची वाट धरली. २०२५ च्या कायद्याने हेम्पच्या मालाची जबाबदारी शेती खात्याकडून काढून दारू नियंत्रण आयोगाकडे दिली, आणि १ जानेवारी २०२६ पासून दारूसारखीच तीन पायऱ्यांची रचना लागू केली. ऑनलाइन विकून घरपोच पाठवणं बंद. किराणा आणि पेट्रोल पंपाच्या दुकानांतून हा माल बाहेर, विक्री फक्त एकवीसच्या वरच्यांना प्रवेश असलेल्या दुकानांत, दारूच्या दुकानांत आणि परवानाधारक हॉटेलांत. कर घाऊक पायरीवरच: खाण्याच्या मालावर मिलिग्रॅममागे दोन सेंट, पेयावर गॅलनमागे ४ डॉलर ४० सेंट. १२ औंसाच्या, म्हणजे ३५५ मिलिलिटरच्या डब्याला हा कर साधारण ४१ सेंट पडतो, मग त्यात टीएचसी कितीही असो. हे मला पटत नाही. गोळीवर मात्रेनुसार कर आणि पेयावर पाण्यानुसार, याने पेय बनवणाऱ्याला मात्रा कमी ठेवण्याचं काहीच कारण उरत नाही.

केंटकीने २०२५ मध्ये १२ औंसाला ५ मिलिग्रॅमची मर्यादा घालून पेयं दारूच्याच परवाना व्यवस्थेत आणली. अलाबामाने त्याच वर्षी १० मिलिग्रॅमची मात्रा आणि ४० मिलिग्रॅमचं पाकीट मान्य केलं, आणि कारखानदार, घाऊक, किरकोळ असे वेगळे परवाने राज्याच्या दारू मंडळाकडे सोपवले. कनेक्टिकट सगळ्यात सावध निघालं. २०२४ मध्ये त्यांनी एका डब्याला फक्त ३ मिलिग्रॅम ठरवले, आणि वर डब्यामागे एक डॉलर शुल्क. उलट टेक्सासात बंदीचं विधेयक गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी २२ जून २०२५ रोजी नाकारलं, आणि दारूसारखं नियंत्रण करा असं सांगितलं.

आता आक्षेपाकडे येऊ. तो खरा आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही. होलसेलरमधूनच जायचं अशी सक्ती केली की छोट्या उत्पादकाच्या नाड्या त्याच्या हातात जातात. शेतावरच पेय बनवून गावातल्या चार दुकानांना देणारं एखादं कुटुंब असेल, तर होलसेलरने त्याचा माल का ठेवावा? खप कमी, कटकट तेवढीच. बिअरच्या बाबतीत अनेक राज्यांत असे कायदे आहेत की एकदा एखाद्या वितरकाला ब्रँड दिला की सबळ कारण दाखवल्याशिवाय किंवा मोठी भरपाई दिल्याशिवाय तो काढून घेता येत नाही. एके काळी छोट्या वितरकांना बलाढ्य बिअर कंपन्यांपासून वाचवायला ते केले होते. आज कित्येक ठिकाणी वितरक मोठा आणि उत्पादक चिमुकला आहे, कायदा मात्र वितरकालाच जपतो. हे संरक्षण हेम्पच्या मालाला जसंच्या तसं लावलं, तर पहिल्या वर्षी घाईत सही केलेला करार छोट्या उत्पादकाच्या गळ्यात कायमचा पडेल.

घाऊक बाजार किती थोड्या हातांत आहे, यावर केंद्र सरकारचीही नजर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने सदर्न ग्लेझर्स या देशातल्या सर्वांत मोठ्या वाइन आणि दारू वितरक कंपनीवर दावा दाखल केला. मोठ्या साखळी दुकानांना स्वस्त आणि छोट्या दुकानांना महाग दराने माल दिल्याचा आरोप त्यात आहे, कंपनीने तो नाकारला आहे. निकाल काहीही लागो, मधल्या पायरीवर सत्ता एकवटली की काय होऊ शकतं याची काळजी काल्पनिक नाही.

माझ्या मते यावर तोड आहे. गोदामाचे नियम सगळ्यांना सारखे ठेवा: तपासणी, नोंदी, तापमान, कर. पण ठरावीक खपाखालच्या उत्पादकाला तेच नियम पाळून स्वतःचा माल स्वतः पोचवू द्या. काही राज्यांत छोट्या बिअर कारखान्यांना अशी मुभा आहेच. करार ठरावीक मुदतीचे असावेत. परवाना एकट्या दारूच्या होलसेलरांसाठी राखून न ठेवता अटी पूर्ण करणाऱ्या कोणालाही मिळावा. नाक्यावर तपासणी नक्की व्हावी, पण नाका कोणाच्या खाजगी मालकीचा नको.

आणि एवढं सगळं चालू असताना खालची जमीनच सरकली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकन सरकारचं ४३ दिवस बंद पडलेलं कामकाज सुरू करण्यासाठी जो खर्चाचा कायदा झाला, त्यात हेम्पची व्याख्या बदलणारं कलम होतं. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यावर सही झाली. आता झाडात फक्त डेल्टा-९ नाही, तर एकूण टीएचसी मोजायचं, प्रयोगशाळेत बदलून केलेली रसायनं बाद, आणि तयार मालाच्या एका डब्यात किंवा पाकिटात एकूण ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी नको. केंटकीचे सिनेटर रँड पॉल यांनी हे कलम काढण्याचा प्रयत्न केला, तो ७६ विरुद्ध २४ मतांनी पडला. त्याच केंटकीचे मिच मॅककॉनेल, ज्यांनी २०१८ मध्ये हेम्पला मोकळं केलं होतं, ते यावेळी कलमाच्या बाजूने उभे होते. कायद्यात अंमलाची मुदत एक वर्षाची लिहिली आहे, म्हणजे १२ नोव्हेंबर २०२६. मिनेसोटातला ५ मिलिग्रॅमचा डबा या मर्यादेच्या साडेबारापट आहे, ५० मिलिग्रॅमचं गमीचं पाकीट सव्वाशेपट.

हे मला चुकीचं वाटतं, आणि दारूच्या होलसेलरांच्या राष्ट्रीय संघटनेचाही सूर बंदीपेक्षा नियंत्रण बरं असाच राहिला आहे. पेट्रोल पंपावरच्या बेलगाम मालाला आळा हवाच होता. पण ०.४ ची रेघ बेलगाम माल आणि तपासून, कर भरून, ओळखपत्र बघून विकलेला माल यांत फरकच करत नाही. कायदा पाळणाऱ्या होलसेलरचे ट्रक सगळ्यात आधी थांबतील, कारण दारूच्या धंद्याचा परवाना तो पणाला लावणार नाही. उत्पादकांनी आणि होलसेलरांनी करारात आत्ताच लिहून घ्यायला हवं की त्या तारखेला गोदामात पडून असलेला माल कोणाच्या खर्चाने परत जाणार.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्यांसाठी राज्याचा कायदा पुरेसा नसतो, स्थलांतराचे निर्णय केंद्रीय कायद्याने होतात. नव्या व्याख्येबाहेरचा डबा केंद्राच्या लेखी गांजाचाच माल ठरेल, आणि नागरिक नसलेल्याने गांजा घेतल्याची नुसती कबुलीसुद्धा अर्ज अडवू शकते. नोकरीतल्या मूत्रतपासणीला तर आजही हेम्पचं टीएचसी आणि गांजाचं टीएचसी यांतला फरक कळत नाही. भारतात येताना पावतीसकट घेतलेलं गमीचं पाकीटही बॅगेत ठेवू नये. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ पासून हेम्पचं बी, तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं आहे, पण त्यात टीएचसीची मर्यादा बियांना किलोमागे ५ मिलिग्रॅमची आहे. मिनेसोटाच्या एका गोळीत तेवढं असतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात टीएचसीचं नाव आहे, आणि मुंबई विमानतळावर लागू होतो तो हाच कायदा.